येळवशीला गावात कुणी नसतं

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मोटार जळाली! पाच ब्लाउज कापून ठेवलेले आणि शिलाई मशीनची मोटार धूर सोडून गप्प. भावानं, गोरोबानं, ती काढली, पिशवीत घातली आणि तालुक्याच्या गावी, लोहाऱ्याला, दुरुस्तीला घेऊन गेला. "अक्का, सोमवारशिवाय न्हाय मिळायची." म्हणजे तीन दिवस मी बिनकामाची.

मशीन बंद असलं की गल्ली ऐकू येते. एरवी मी माझ्याच घरघरीत असते. आज दुपारी समोरच्या घरात भांडं पडल्याचा आवाज आला. मग पुन्हा. मग पुन्हा. एकच भांडं किती वेळा पडतं?

थोड्या वेळानं म्हाळसाबाईंनी टीव्ही मोठा केला. त्यांची सून निकिता आज दारात दिसली नाही.

२९ नोव्हेंबर

कुणी आलं नाही. मीही कुणाला बोलावलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

काम नाही तर स्वतःबद्दलच लिहिते.

सकाळी उठल्यावर माझं पहिलं काम आरसा. बाकीच्या बाया आरशात तोंड बघतात, मी पाठीमागचं बघते — कमरेखाली कुठं लाल झालंय का, कातडी सोललीय का. मला तिथलं दुखत नाही, म्हणून डोळ्यांनी बघावं लागतं. मग लघवीची नळी, मग आंघोळ, मग चाकाची खुर्ची. सगळं माझं मी करते. आई फक्त पाणी आणून ठेवते. सात वर्षांपूर्वी दवाखान्यात म्हणाले होते, आता हिचं सगळं दुसऱ्यानंच करायचं. दुसऱ्याला वेळ आहे होय!

खुर्चीतून खाली उतरायला मला येतं. खालून वर चढायचं म्हणजे आधी पाट, मग स्टूल, मग खुर्ची. दहातून चार वेळा जमतं. आज तीनदा जमलं आणि एकदा अशी आपटले की सृष्टी हसून हसून लोळली. मीही हसले. माझी पोरगी दहा वर्षांची आहे, तिला हसायचं असलं की कारण लागत नाही.

आणि माझी लोखंडी मीटरपट्टी. ती खुर्चीला कायम अडकवलेली. पंख्याचं बटण, फळीवरचा डबा, खिडकीची कडी, दुधावर आलेलं मांजर — सगळ्याला तीच. सृष्टी तिला आईचा तिसरा हात म्हणते.

या वहीच्या पुढच्या बाजूनं गावातल्या बायांची मापं आहेत. रोजनिशी मी मागून लिहिते, म्हणजे कुणी चाळलं तरी छाती-कंबरच दिसेल. अख्ख्या माकणीतल्या बायांचे दंड, मुंढे, पाठी मला तोंडपाठ. माझ्या हाताला सगळ्या माहीत आहेत. मला मात्र आई आणि सृष्टी सोडून सात वर्षांत कुणी जवळ घेतलेलं नाही. लिहिलं तर बरं वाटेल म्हणून लिहिलं. नाही वाटलं.

१ डिसेंबर

मोटार आली. घर्रर्र! पायडल टेबलावर, डावं कोपर पायडलवर, आणि मी चालू.

३ डिसेंबर, बुधवार

आज दिव्यांग दिन. तालुक्यात एका संस्थेनं आमचा सत्कार ठेवला होता. गोरोबानं मला टेम्पोत घालून नेलं. हॉल वरच्या मजल्यावर! वरून भाषणं चालली होती, "आपण यांना मुख्य प्रवाहात आणलं पाहिजे". मी खाली पानटपरीशेजारी. शाल खाली आणून दिली. शाल चांगली आहे. ती कापून सृष्टीसाठी हिवाळ्याचं काहीतरी शिवते.

६ डिसेंबर, शनिवार

निकिता आली होती. येळवशीच्या सणाला घालायला ब्लाउज हवा म्हणाली. तिचं लग्न होऊन आठ-नऊ महिने झालेत, माहेर नळदुर्गचं, बारावी शिकलेली. नवीन सुना माझ्याकडून बाही अगदी आखूड करून घेतात. ही म्हणाली, "ताई, कोपरापतुर घ्या."

"एवढी लांब? म्हातारी झालीस काय गं?"

ती हसली नाही. मी टेप घेऊन दंड मोजायला पदर सरकवला. चार बोटं. निळी, कडेनं पिवळी पडलेली, एकाशेजारी एक. अंगठा मागच्या बाजूला.

तिनं पदर ओढून घेतला.

"न्हाणीत पाय घसरला ओ ताई. तुमच्यासारखंच."

तुमच्यासारखंच! मी खाली मान घालून वहीत लिहिलं — दंड साडेदहा, बाही अकरा. ती गेल्यावर ब्लाउजचं कापड मांडीवर घेऊन बसून राहिले.

७ डिसेंबर, रविवार

सात वर्षं या वहीतसुद्धा लिहिलं नाही. आज लिहिते.

माझा पाय घसरला नव्हता.

जळकोटला, सासरच्या घराला माळवद होतं, मातीचं सपाट छत. चैत्र होता, वर सांडगे वाळत घातले होते. गोरोबाची सोयरीक ठरली होती आणि मी माहेरी निघणार होते, दोन दिवसांसाठी. पिशवी भरली म्हणून नवऱ्याशी भांडण. भांडण नवीन नव्हतं, मारही नवीन नव्हता. मी सांडगे काढायच्या निमित्तानं वर गेले, म्हटलं, राग उतरेपर्यंत वरच बसू. ते मागून आले. एक थोबाडीत. मग दोन्ही हात छातीवर. मी धरायला काहीतरी शोधलं. माळवदाला कठडा नसतो.

त्यांचं नाव या वहीत येणार नाही.

सोलापूरला दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा ते उशाशी होते. म्हणाले, "घसरलीस म्हण. तर पोरगी तुझ्याकडं ठिवतो. न्हायतर तिचं तोंड दिसायचं न्हाय." सृष्टी तीन वर्षांचीही नव्हती, त्यांच्या आईकडं होती. हवालदार जबाब घ्यायला आला. भला माणूस होता, दोनदा विचारलं, "बाई, नक्की?" मी म्हटलं, व्हय, पाय घसरला.

दोन शब्दांत पोरगी मिळाली. मला तेव्हा सौदा स्वस्तात झाला असं वाटलं होतं. आता समोरच्या घरातली पोरगी तेच दोन शब्द माझ्याकडून उसने घेऊन वापरतेय.

११ डिसेंबर, गुरुवार

ब्लाउज तयार. निकिता न्यायला आली. मी ठरवून बसले होते — आज सांगायचं, अगं मी घसरले नव्हते, तूही घसरली नाहीस, वेळेत नीघ. ती आली, घालून बघितला, आणि मी म्हटलं, "बाही जमली का?"

"जमली ताई."

गेली. भित्री आहेस कडूबाई! कडू नाव आईनं ठेवलं ते आधीची दोन लेकरं गेली म्हणून, कडू नाव ठेवलं की पोर जगतं म्हणतात. जगले खरी.

निकिताला सांगितलं की संध्याकाळपर्यंत गावाला कळेल, मग जळकोटला. मग ते सृष्टीला न्यायला दारात उभे. कायद्याचं मला काय कळतंय? मी सहीनं लिहून दिलंय ना घसरले म्हणून.

१४ डिसेंबर, रविवार

येळवस शुक्रवारी, मार्गशीर्षातल्या अवसेला. घरात भज्जीसाठी चिंचेचा कोळ, बेसन, तुरीचे सोलाणे, वाटाणा, लसणाचा ढीग. आई आणि भावजय दोन दिवसांपासून ताक जमवतायत आंबिलीसाठी. त्या दिवशी सगळं गाव रानात. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा, मग कुणीही कुणाच्याही रानात जाऊन जेवायचं. लहान होते तेव्हा मी एका दिवसात सात रानांत जेवले होते, रात्री उलटी केली होती.

पडल्यानंतरच्या पहिल्या येळवशीला गोरोबानं मला पाठीवर घेऊन नेलं. सगळ्या बाया घास हातात धरून बघत होत्या. मी त्याच्या पाठीवरच ओली झाले. तो तसाच चालत राहिला. त्यानंतर मी म्हणते, मला नाही यायचं, थंडी बाधते.

आज विचारून बघितलं. "गोरोबा, औंदा येऊ का रे मी?"

तो चपलेचा अंगठा बघत बसला. "काळं रान हाय अक्का, चाक रुततंय. पुढल्या वर्षी बगू."

आई म्हणाली मी थांबते. मी तिला हाकललं. सृष्टी म्हणाली, "आई, मी थांबू?" तिलाही हाकललं. माझ्यासाठी कुणाचा सण बुडवायचा नाही. आणि खरं सांगायचं तर कुणीतरी न ऐकता थांबावं असंही वाटतं.

१६ डिसेंबर

सृष्टीनं आज भावजयीशी भांडण केलं. भावजयीनं दोरीवरचा तिचा फ्रॉक काढला म्हणून! ही पोरगी स्वतःचे कपडे स्वतः वाळत घालते, स्वतः काढते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. मला तर दोरीच्या जवळही फिरकू देत नाही. लहानपणापासून तशीच. लई शिस्तीची!

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस

क्रमानं लिहिते.

सकाळी आठला गल्ली भरून वाहत होती. ट्रॅक्टर, मोटारसायकली, डोक्यावर आंबिलीची मडकी. आमची सगळी निघाली. सृष्टी वळून वळून हात करत होती. मग समोरच्या घरातून म्हाळसाबाई आणि त्यांचा मुलगा उत्कर्ष निघाले, दोघंच. मी खिडकीतून विचारलं, "निकिता न्हाय का?"

"ताप हाय तिला. झोपलीय." म्हाळसाबाईंनी माझ्याकडं बघितलं नाही.

उत्कर्षनं दार ओढलं आणि वरची साखळी कोयंड्यात चढवली. कुलूप नाही. आत माणूस आणि बाहेरून कडी! कुलूप कशाला लावेल? गावात उघडायला आहेच कोण. मी त्याच्या मोजण्यातच नव्हते.

दहापर्यंत गाव रिकामं झालं. येळवशीची शांतता दुसऱ्या कुठल्या दिवशी नसते. कुत्रीसुद्धा रानात गेलेली. दर वर्षी या वेळेला मी रेडिओ लावते आणि रडते, रडून झालं की हात धुते आणि शिवायला बसते. आज रेडिओ लावायच्या आधीच समोरचं दार आतून वाजलं.

"कोन हाय का? कोन हाय का ओ?"

"मी हाय! कडू!"

"ताई... डोकं फुटलंय. उभं ऱ्हायलं की अंधारी येतीय. फोन त्येंनी नेला."

गोरोबाला तीनदा फोन लावला. रानात डीजे असणार, उचलला नाही. आईला लावला तर तो फळीवरच वाजायला लागला! मग १०८. पलीकडची मुलगी म्हणाली, गाडी अर्ध्या-पाऊण तासात येईल, पेशंटशी बोलत राहा, आणि दार उघडं ठेवा.

दार उघडं ठेवा.

उतारावरून खुर्ची गल्लीत आणली. नालीवरची फरशी पार केली. समोर दोन पायऱ्या. माझी खुर्ची पायरी चढत नाही. ओढणीनं दोन्ही पाय एकत्र बांधले आणि खाली उतरले. पायऱ्यांकडं पाठ केली, हात मागं टेकले, ढुंगण वर उचललं. एक पायरी. पाय मागून आले, गोणीसारखे. दुसरी. ओट्यावर पोचले तेव्हा घाम डोळ्यांत उतरत होता. आतून निकिता काहीतरी बोलत होती. मी म्हणत होते, बोल, बोलत राहा, झोपू नको.

मग वर बघितलं. साखळी चौकटीच्या वरच्या लाकडाला. उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर. मी जमिनीवर बसलेली.

हात केवढाही ताणला तरी वितीवर वीत उरत होती. आणि पट्टी खुर्चीला अडकलेली, खाली! स्वतःला अशा शिव्या दिल्या की आईनं ऐकल्या असत्या तर कान धरला असता. पुन्हा दोन पायऱ्या खाली. पट्टी दातांत धरली. पुन्हा दोन पायऱ्या वर. लोखंडाची चव अजून तोंडात आहे.

पट्टीचं टोक साखळीच्या कडीत घालायचं आणि वर उचलायचं. एकदा, दोनदा, किती वेळा ते मोजलं नाही. खांदा भरून आला. मग ती एकदम सुटली आणि खळकन खाली आली, पट्टी माझ्या कपाळाला लागली.

निकितानं दार उघडलं आणि तिथंच बसली. केसांतून रक्त येऊन कानापाशी वाळलेलं. अंगात मी शिवलेला ब्लाउज. बाही कोपरापर्यंत.

"ताई, तुमी कशा आलात?"

"घसरत आले," मी म्हटलं.

ती हसली, मग रडली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओढणी सोडून जखमेवर दाबून धरली.

गाडी आली. डॉक्टर तरुण बाई होती, छातीवर नाव, श्रावस्ती. तिनं जखम बघितली, डोळ्यांत उजेड टाकला, कागद काढला. "कसं लागलं?"

निकितानं माझ्याकडं बघितलं. मग जमिनीकडं. "न्हाणीत पाय..."

"थांबा," मी म्हटलं. "आधी माझं लिहा."

"तुम्हाला काय झालंय?"

"सात वर्षांमागं म्या सांगितलं, पाय घसरून पडले. खोटं सांगितलं. नवऱ्यानं माळवदावरनं ढकललं."

एवढंच. गाडीचा ड्रायव्हर दुसरीकडं बघायला लागला. डॉक्टरनं पेन थांबवला होता. मला वाटलं, बोलल्यावर काहीतरी होईल, आभाळ कोसळेल. कुठंतरी लांब रानात ढोल वाजत होता.

मग निकिता म्हणाली, "त्येंनी माझं डोकं चौकटीवर आपटलं. दोनदा." डॉक्टरनं ते लिहून घेतलं.

त्यांनी मला उचलून खुर्चीत बसवलं, तिला गाडीत झोपवलं आणि गेले. मी घरात गेले नाही. पट्टी मांडीवर घेऊन गल्लीच्या मधोमध बसून राहिले, रिकाम्या गावात, चार-पाच तास.

दिवस मावळायच्या आत लोक परतले. म्हाळसाबाईंनी उघडं दार बघितलं. "कुनी उघडलं?"

"मी."

उत्कर्ष पुढं आला, माझी खुर्ची बघितली, पायऱ्या बघितल्या. त्याला ते पटेना. गोरोबा मधे उभा राहिला. गल्ली जमली होती. मी निकिताचं सांगितलं. मग थांबता येईना, माझंही सांगितलं. माळवद, दोन्ही हात, दवाखान्यातला सौदा. आईच्या हातात माझ्यासाठी रानातून आणलेला भज्जीचा डबा होता. ती तो धरून उभी. तिच्या मागं सृष्टी होती ते मला नंतर दिसलं.

२० डिसेंबर, शनिवार

आरशात बघितलं. उजव्या बाजूला बशीएवढी साल निघालीय, टाचा सोलल्यात. काल काहीच कळलं नव्हतं. नर्सबाई येऊन मलमपट्टी करून गेल्या. महिनाभर खुर्ची नाही, मशीन नाही. पोटावर झोपून राहायचं. हे पोटावर झोपूनच लिहितेय.

सृष्टी कालपासून माझ्याजवळ आली नव्हती. दुपारी येऊन माझ्याशेजारी पालथी पडली, माझ्यासारखीच. म्हणाली, "आई, मग तू माजं झबलं काढाय गेली नव्हतीस?"

मला कळेना. "कसलं झबलं?"

जळकोटच्या आजीनं तिला सांगितलं होतं. एका लग्नात भेटली तेव्हा, ही पाच वर्षांची असताना. तुझं झबलं माळवदावर वाळत घातलं होतं, ते आणायला तुझी आई गेली अन् घसरली.

पाच वर्षं! पाच वर्षं माझी पोरगी स्वतःचे कपडे स्वतः दोरीवर घालतेय आणि काढतेय. आणि मी लिहिलंय, लई शिस्तीची.

"न्हाय गं बाळा. झबलं तुझ्या अंगातच हुतं. तू खाली झोपली हुतीस."

ती अशी रडली की भावजय धावत आली. मला उठून तिला मांडीवर घेता येईना. तिचं डोकं हातानं जवळ ओढलं, तेवढंच. जिला ठेवून घ्यायला जे खोटं बोलले, ते तिच्याच गळ्यात बांधलेलं होतं.

२२ डिसेंबर

आई खांद्याला तेल चोळत होती. मधेच थांबली. "म्या इचाराय पायजे हुतं," म्हणाली. मग पुन्हा चोळायला लागली.

२५ डिसेंबर, गुरुवार

त्यांचा फोन. सात वर्षांत तिसरा. "काय बोलत सुटलीस लोकांत? येऊ का पोरीला न्याला?"

"या. पोरगी दारातच हाय. तिला समदं म्हाईत हाय. तिच्याशीच बोला."

फोन कट. गोरोबा म्हणाला, जखम भरली की वकिलाकडं जाऊ, अक्का. तो हे माझ्या तोंडाकडं बघून म्हणाला.

३० डिसेंबर

निकिताचा फोन, नळदुर्गहून. सात टाके पडले. तिचे वडील श्रीपती आधी म्हणत होते, सासरची माणसं माफी मागतायत, मिटवून घेऊ. मग डॉक्टरच्या कागदावर काय लिहिलंय ते तिनं त्यांना वाचून दाखवलं. आता मिटवायचं नाव काढत नाहीत. तिनं पोलिसांतही तसंच सांगितलंय. "ताई, बोलताना तुमची पट्टी डोळ्यापुढं येत हुती," म्हणाली.

५ जानेवारी २०२६, सोमवार

दोन आठवडे झाले, गल्लीतलं कुणी आलं नाही. दोघीजणी पोरांना पाठवून न शिवलेलं कापड परत घेऊन गेल्या. म्हाळसाबाई नळावर म्हणतात, ही घरं मोडणारी आहे, हिच्यापाशी सुना पाठवू नका. मला खिडकीतून ऐकू येतं. ऐकू यावं म्हणूनच म्हणतात. बाया खिडकीखालून जाताना बोलायचं थांबतात, पुढं गेल्या की पुन्हा बोलतात.

खरं बोललं की मोकळं वाटतं म्हणे. मला एकटं वाटतंय. आधीही एकटीच होते, पण तेव्हा निदान बायांचे दंड हाताला लागत होते. मशीनवर चादर टाकलीय. दिवसभर भिंत बघते, भिंतीत एक चीर आहे, ती कुठून कुठं जाते ते पाठ झालंय.

सांगून चूक केली असं मात्र वाटत नाही. हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असतं कुणास ठाऊक.

८ जानेवारी

जखम आता वाटीएवढी. सृष्टीनं आरसा धरला. दोरीवरचे कपडे आज भावजयीनं काढले, पोरगी ओट्यावर खेळत होती. तिनं बघितलं आणि खेळत राहिली.

१२ जानेवारी, सोमवार

मशीन अजून बंद आहे, हे सगळ्या गावाला माहीत आहे. तरी आज तिघी आल्या, वेगवेगळ्या वेळी. प्रत्येकीनं आत आल्यावर दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "ताई, माप द्याचं हुतं."

कापड एकीनंही आणलं नव्हतं.